सव्वा वर्षाचे कप्तान

दांडिया बाजार, बडोदे

चि. पोरा,
अनेक आशीर्वाद.

काल तुझी आई येऊन गेली. "नौदलात नोकरी चारच वर्षं, आणि त्यातही मिळाली एवढीशी शिप" म्हणून तू हिरमुसलायस म्हणे. बडोद्याला समुद्र नाही ना, नौदल म्हटलं की आपल्या लोकांना विमानवाहू नौकाच दिसते!

माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'खुकरी' घे. क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका, लांबी जेमतेम ९१ मीटर. २३ ऑगस्ट १९८९ ला नौदलात आली, २३ डिसेंबर २०२१ ला विशाखापट्टणमला सूर्यास्ताबरोबर तिचा ध्वज उतरला. मधल्या ३२ वर्षांत ६,४४,८९७ सागरी मैल, म्हणजे पृथ्वीला तीसेक फेऱ्या. कमांडिंग ऑफिसर, म्हणजे कप्तान, झाले २८. भागाकार करून बघ, सरासरी सव्वा वर्षही कुणाच्या वाट्याला आलं नाही. तू चाराचं रडतोस.

माझ्या पहिल्या बोटीचं नाव सांगत नाही. बारा ते चारचा वॉच, म्हणजे इंजिनावरची पाळी, डिझेलची धग, डोळे मिटत होते. दर तासाला फेरी मारून तापमान, तेलाचा दाब लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहायचा. मी तीन तासांचे आकडे बसल्या जागी लिहून टाकले. चीफ, म्हणजे आमचे वरिष्ठ, खाली आले, लॉग वाचला, माझा हात धरून खाऱ्या पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगवर टेकवला. चटकाच बसला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "चार वाजता दुसरा येईल. तो हे खरं धरून चालेल."

तर लॉगमध्ये जे पाहिलंस तेवढंच लिही. गंजावर नुसता रंग फासू नकोस, चिपिंग हॅमरनं खालचं पोलाद उघडं पाड, मग प्रायमर, मग करडा रंग. पायपांच्या मागे ब्रश पोचत नाही, पत्रा तिथूनच सडतो. आणि ड्राय डॉकला, म्हणजे पाणी उपसलेल्या गोदीत, गेलात की वर उभा राहून फोटो काढू नकोस, खाली उतर. तळाला जस्ताचे ठोकळे बसवलेले असतात. खारं पाणी आधी त्यांना खातं आणि पोलाद वाचतं. ते झिजलेले दिसले तर उत्तम. कोरे करकरीत दिसले तर मात्र चौकशी कर, बहुधा कुणा उत्साही गड्यानं त्यांच्यावरही रंग मारलेला असतो. (मीही मारलाय.)

बाकी मेसमधलं जेवण, उलट्या, झोप याचं कळेल तुझं तुला. लहान बोट हलते जास्त, एवढं खरं.

खुकरी आता संग्रहालय म्हणून दीवला आहे. तिच्या आधीची खुकरी ९ डिसेंबर १९७१ ला त्याच किनाऱ्यासमोर पाणबुडीच्या टॉर्पेडोनं बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, तिचे कप्तान कॅप्टन मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. सुट्टी मिळाली की कळव. रात्रीच्या बसनं उन्याला (गुजरातमधलं ऊना) उतरू, तिथून दीव जवळच. येताना एक छोटी टॉर्च आण. मला पायपांच्या मागे बघायचंय.

तुझा,
काका