वाचकांचे प्रश्न : फिलिपाईन्सची किशोरवयीन मुले आणि आपली मुले

प्रश्न : मी अमळनेरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. किशोरवयात मुलाने घरच्यांपासून मनाने थोडे वेगळे होऊन ‘मी कोण’ याचे उत्तर स्वतः शोधले, तरच त्याची ओळख पक्की होते, असे आम्ही वर्गात सांगतो. माझे बहुतेक विद्यार्थी मात्र शाखा निवडताना काकांना विचारतात आणि ‘तुला काय वाटते?’ असे विचारले की ‘घरचे म्हणतील तसे’ असे उत्तर देतात. फिलिपाईन्समधील मुलेही अशीच कुटुंबात गुंतलेली असतात, तरी तेथील मानसशास्त्रज्ञ त्याला उणीव मानत नाहीत, असे वाचनात आले. हे कसे समजून घ्यावे?
— एक प्राध्यापिका, अमळनेर

उत्तर : ताई, आपण वर्गात जे सांगता त्याचे मूळ मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या मांडणीत आहे. १९५० मध्ये त्यांनी आयुष्याचे आठ टप्पे मांडले आणि स्वतःची ओळख घडवणे हे किशोरवयाचे मुख्य काम मानले. पुढे १९६६ मध्ये जेम्स मार्सिया यांनी मुलाने पर्यायांचा शोध घेतला आहे का आणि निवडलेल्या गोष्टीशी तो मनापासून बांधला गेला आहे का, या दोन कसोट्यांवर ओळखीच्या चार अवस्था ठरवल्या. शोध न घेताच आईवडिलांची निवड स्वीकारणारा मुलगा या मांडणीत अर्ध्या वाटेवर थांबलेला ठरतो, आणि आपली काळजी तेथूनच सुरू होते. ओळख घडण्यात समाजाच्या मान्यतेला एरिक्सन यांनीही महत्त्व दिले होते, पण शिकवताना ती बाजू बहुधा मागे पडते.

फिलिपिनो मानसशास्त्रज्ञ व्हिर्जिलिओ एन्रिकेझ अमेरिकेत डॉक्टरेट करून १९७० च्या दशकाच्या आरंभी फिलिपाईन्स विद्यापीठात परतले, तेव्हा त्यांच्यापुढे जवळपास हाच प्रश्न होता. बाहेरून आणलेल्या कसोट्या लावल्या की फिलिपिनो माणूस लाजरा, उपकारांनी दबलेला आणि गटापुढे नमणारा दिसत असे. हा माणसांचा दोष नसून कसोटीचा दोष आहे, असे त्यांनी ठामपणे मांडले आणि आपल्या लोकांच्या भाषेतून, त्यांच्या रोजच्या वागण्यातून मानसशास्त्र उभे करण्याची चळवळ सुरू केली. ‘काप्वा’ ही तिची मध्यवर्ती कल्पना आहे. समोरचा माणूस माझ्या ‘मी’च्या बाहेर उभा नसून त्या ‘मी’त त्याचाही वाटा आहे, असा तिचा आशय आहे. हे मान्य केले, तर नाती तोडून ओळख सापडेल ही अपेक्षाच चुकीची ठरते. नात्यांत आपली जागा कोणती आणि ती आपण कशी निभावतो, यातूनच मुलाला स्वतःचा पत्ता लागतो.

याला अभ्यासाचा आधारही आहे. अँड्र्यू फुलिग्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतील दहावी-बारावीच्या ८०० हून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत फिलिपिनो वंशाची मुलेही होती. आशियाई आणि लॅटिन अमेरिकी घरांतील मुलांमध्ये कुटुंबाविषयीची कर्तव्यभावना युरोपीय वंशाच्या मुलांपेक्षा बरीच अधिक आढळली. ती भावना बाळगणाऱ्यांचे घरच्यांशी आणि मित्रांशीही संबंध अधिक चांगले होते, आणि तिने मुलांच्या विकासाला बाधा आल्याचा पुरावा मिळाला नाही. मात्र ज्यांच्यात ही भावना सर्वांत तीव्र होती, त्यांचे गुण ती सर्वांत कमी असलेल्यांइतकेच किंवा त्याहूनही कमी होते. माझ्या मते या अभ्यासातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, कारण कर्तव्य मुलाला उभे करते हे जितके खरे, तितकेच त्याचा भार एका मर्यादेपलीकडे गेला की तेच कर्तव्य अभ्यासाचा वेळ खाऊ लागते हेही खरे आहे.

निवड कोणत्या वयात करावी लागते, यालाही महत्त्व आहे. फिलिपाईन्समध्ये पूर्वी शालेय शिक्षण दहाच वर्षांचे होते, त्यामुळे सोळाव्या वर्षी थेट पदवीचा विषय ठरवावा लागे आणि साहजिकच तो घरचे ठरवत. २०१३ च्या कायद्याने अकरावी-बारावीची दोन वर्षे जोडली आणि मुलांना चाचपून पाहायला थोडी जागा मिळाली. तेथे पंधराव्या वर्षापासून मुले गावपातळीवरील युवक परिषदेच्या निवडणुकीत मतदानही करू शकतात. घराबाहेर, पण आपल्याच गावात राहून मत बनवण्याची अशी संधी आपल्याकडे मुलांना फारशी मिळत नाही, ही मला आपली खरी उणीव वाटते.

म्हणून ‘घरचे म्हणतील तसे’ या उत्तरावर थांबू नका. घरचे असे का म्हणत असतील आणि त्यातले तुला काय पटते, काय पटत नाही, असे पुढे विचारा. ज्याला कारणे सांगता येतात, त्याने घरात राहूनच शोध घेतलेला असतो. हा प्रश्न शक्य असेल तेव्हा अहिराणीत विचारा. फिलिपाईन्समध्ये दावाओ किंवा सेबूकडचे मूल घरी सेबुआनो ही तिकडची भाषा बोलते आणि शाळेत फिलिपिनो व इंग्रजी. मनातले बोलण्याची त्याची भाषा आणि परीक्षेची भाषा वेगळी असते. आपल्या मुलांचेही तसेच आहे, आणि प्रमाण मराठीत गप्प बसणारा मुलगा घरच्या बोलीत बरेच काही सांगतो.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून सुरतेला कापडाच्या कारखान्यात कामाला आहेत. सोळा वर्षांची नात आणि तिचा धाकटा भाऊ माझ्याजवळ शिंदखेडा तालुक्यात राहतात. स्वयंपाक, भावाचा अभ्यास, माझी औषधे, सारे नात पाहते. ती हल्ली फार कमी बोलते. नात्यातली एक मुलगी दुबईला परिचारिका आहे. ती सांगते, की तिच्या फिलिपिनो मैत्रिणीही मुलांना घरी ठेवून आल्या आहेत. त्या मुलांचे पुढे कसे होते?
— एक आजी

उत्तर : आजी, आपल्या पत्रात नातीविषयीची काळजी आहे, तशी तिच्या कष्टांची जाणही आहे, आणि ती तिच्यासाठी फार मोलाची आहे.

फिलिपाईन्स सरकारने १९७४ पासून लोकांना कामासाठी परदेशी पाठवण्याचे धोरणच स्वीकारले. आज सुमारे २० लाख फिलिपिनो परदेशात काम करतात आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. मागे राहिलेल्या मुलांचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ रासेल पारेन्यास यांनी केला. त्यांना असे दिसले, की आई परदेशी गेली की तिचे काम सहसा वडिलांकडे जात नाही. ते आजी, मावशी आणि विशेषतः थोरल्या मुलीकडे येते. या थोरल्या बहिणीला तेथे ‘आते’ म्हणतात आणि तिला आईच्या खालोखाल मान असतो. त्या मानातून मुली कर्तबगार होतात, पण स्वतःविषयी विचार करण्याचे वय त्यांच्या हातून निसटून जाण्याचा धोकाही तेथेच असतो. आईबाप आपल्यासाठी राबतात ही जाणीव इतकी खोल असते, की थकलो म्हणणेही मुलींना कृतघ्नपणा वाटतो. पारेन्यास यांचे आणखी एक निरीक्षण आपल्याला उपयोगी पडेल. आई दूर गेली याचे दुःख, ‘आईने असे जायला नको होते’ असे आजूबाजूचे लोक बोलतात तेव्हा वाढते. सुनेच्या सुरतेला जाण्याविषयी घरात कोणी टोचून बोलत असेल, तर ते आधी थांबवावे.

आपला नातू किती वर्षांचा आहे हे आपण लिहिले नाही, पण तो दहा वर्षांचा असला तरी पाणी भरणे, भांडी घासणे आणि आपली औषधे वेळेवर देणे ही कामे त्याला जमतील, आणि ती त्याच्याकडेच राहू द्यावीत. मुलगा आणि सून फोन करतात तेव्हा घरातल्या सामानाचे बोलणे झाले, की फोन नातीकडे देऊन आपण बाजूला व्हावे. तिच्या वर्गाविषयी, मैत्रिणींविषयी आईने विचारावे. आखाजीला ते गावी येतील तेव्हा बारावीनंतर तिने काय करायचे, हे तिला समोर बसवून बोलावे, आणि त्या बोलण्यात भावाला कोण सांभाळेल हा प्रश्न तिच्या अंगावर न टाकता मोठ्यांनी आपसांत सोडवावा. तिचे न बोलणे महिनाभर असेच राहिले, जेवण किंवा झोप कमी झाली, तर तिला तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवण्यास संकोच करू नका.

प्रश्न : मी नंदुरबारला वसतिगृहात राहतो. आमचा सहा जणांचा गट आहे. ते म्हणतात तिथे गेलो नाही, पैसे काढले नाहीत, तर ‘तू आपला नाहीस’ म्हणतात. मित्र सोडायचे नाहीत, पण हेही सहन होत नाही.
— बारावीचा एक विद्यार्थी

उत्तर : फिलिपाईन्समध्ये अशा गटाला ‘बारकादा’ म्हणतात आणि त्यात जुळवून घेण्याला ‘पाकिकिसामा’. परदेशी अभ्यासकांनी हे जुळवून घेणेच तेथील सर्वांत मोठे मूल्य मानले होते. एन्रिकेझ यांनी मात्र माणसा-माणसांतील संबंधांच्या आठ पायऱ्या मांडल्या, आणि त्यांत जुळवून घेण्याची पायरी अजून परक्या असलेल्या माणसांबरोबरच्या वागण्यात ठेवली. तिच्यापुढे आणखी तीन पायऱ्या आहेत आणि त्यांची सुरुवात एकमेकांपाशी मन मोकळे करता येण्यापासून होते. म्हणजे ज्या गटात नकार देता येत नाही, तो गट अजून त्या परक्यांच्या पायरीवरच थांबलेला आहे.

सहाही जणांसमोर बोलू नकोस. तेथे प्रत्येक जण इतरांकडे पाहून उत्तर देतो. ज्याच्यावर तुझा सर्वांत अधिक विश्वास आहे, त्याला एकट्याला गाठून सांग, की मला तुमच्याबरोबर राहायचे आहे, पण या महिन्यापासून मी पैसे काढणार नाही. तुझ्यासारखेच मनातून कंटाळलेले आणखी कोणी त्या गटात असण्याची शक्यता बरीच आहे. पैशांसाठी कोणी धमकी देत असेल, तर मात्र वाट न पाहता वसतिगृहाच्या गृहपालांना आणि घरी वडिलांना त्याच दिवशी कळव.