समुपदेशक माझ्या घरची पद्धत समजूनच घेत नाहीत. थेरपी सोडू का?

तुम्ही लिहिलंय की चार सत्रं झाली, दर वेळी गाडी "आई-वडिलांपासून वेगळे राहा, स्वतःसाठी जगा" इथेच येऊन थांबते, आणि बाहेर पडताना तुम्हाला आधीपेक्षा जास्त एकटं वाटतं. आपल्याच समाजातला समुपदेशक शोधावा का, असंही विचारलंय.

लगेच सोडू नका. निदान आणखी एक सत्र तरी जा. मी बारा वर्षं समुपदेशन करते आहे आणि अशाच जातीची चूक माझ्याही हातून झालेली आहे, म्हणून सांगते.

पन्नाशीच्या एक बाई माझ्याकडे यायच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). "छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं," म्हणायच्या. मी विचारायचे, "म्हणजे उदास वाटतं का?" त्यांचं उत्तर ठरलेलं, "नाही हो, उदास कशाला वाटेल?" मी वहीत लिहून टाकलं: भावना ओळखता येत नाहीत. दोन सत्रं मी त्यांना त्या एका शब्दाकडे ओढत होते. तिसऱ्या वेळी माझेच प्रश्न संपले, तेव्हा विचारलं, "हा दगड कधी हलका होतो का?" क्षणाचाही विलंब न लावता त्या म्हणाल्या, "रात्री सगळे झोपले की. मग मला कुणी हाक मारत नाही."

पुढचे तीन महिने आम्ही त्या हाकांवरच बोललो. कुणाची हाक जड वाटते, कुणाची नाही, एखाद्या हाकेला लगेच ओ दिली नाही तर नेमकं काय बिघडेल. घर सोडायचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. वहीतलं ते वाक्य मात्र मी खोडलं. त्यांना स्वतःच्या मनातलं पक्कं ठाऊक होतं, समजत नव्हतं ते मला. आणि आमची दोघींची मातृभाषा एकच होती, घरंही साधारण सारखीच.

म्हणूनच 'आपल्यातला' समुपदेशक मिळाला की प्रश्न सुटला असं मला वाटत नाही. भाषेचा फायदा खरा आहे. राग आणि लाज लहानपणच्या भाषेत जशी बाहेर येते तशी दुसऱ्या भाषेत सहसा येत नाही. पण आपल्यातला माणूस "हो हो, कळलं" म्हणून पुढचं विचारायचंच सोडून देतो, आणि ओळखीपाळखीत बोभाटा होईल या भीतीने समोरचाही निम्मं गिळतो. १९९८ मध्ये मेलनी टर्व्हालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी 'सांस्कृतिक नम्रता' ही कल्पना मांडली. दुसऱ्याची संस्कृती एकदा शिकून पुरी होत नाही, उपचार करणाऱ्याने आयुष्यभर स्वतःचीही तपासणी करत राहायची, असा त्यातला आग्रह आहे. मला तो पूर्णपणे पटतो.

आता पुढच्या सत्रात काय बोलायचं ते. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या ग्रंथात सांस्कृतिक मुलाखतीचे १६ प्रश्न दिलेले आहेत. हाच त्रास तुम्ही घरच्यांना कोणत्या शब्दांत सांगाल, असा एक प्रश्न त्यात अगदी सुरुवातीलाच येतो. शेवटचा, सोळावा प्रश्न तर तुमचाच आहे. पार्श्वभूमी वेगळी असल्यामुळे आपल्यात गैरसमज होतील अशी काळजी तुम्हाला वाटते का, हे उपचार करणाऱ्यानेच विचारायचं असतं. त्यांनी विचारलं नसेल तर तुम्ही सुरुवात करा. सरळ म्हणा, "वेगळं राहणं हा माझ्यासाठी उपाय नाही. मला त्यांच्यासोबत राहूनच श्वास घ्यायला जागा हवी आहे. यावर काम करता येईल का?"

मग त्यांच्याकडे नीट बघा. "मला जरा समजावून सांगा, तुमच्या घरात नाही म्हणायची पद्धत काय आहे?" असं काही विचारलं, तर माणूस कामाचा आहे. "तुम्ही बदल टाळताय" असं म्हणाले आणि तुम्ही दुसऱ्यांदा सांगूनही तेच ऐकवलं, तर खुशाल दुसरा शोधा. त्यात अपराधी वाटून घेऊ नका.

शब्दांचं महत्त्व किती, याचं मला फार आवडणारं उदाहरण झिम्बाब्वेचं आहे. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हरारेत दवाखान्यांच्या आवारात बाकं ठेवून, प्रशिक्षण दिलेल्या आज्यांना लोकांशी बोलायला बसवलं. त्या आज्या लोकांच्याच तोंडचा 'कुफुंगिसिसा' हा तिथल्या शोना भाषेतला शब्द वापरतात, म्हणजे अतिविचार. २०१६ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत ५७३ जण होते, आणि सहा महिन्यांनी आज्यांशी बोललेल्या गटाची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. तुम्ही लिहिलेलं नाही, पण घरात मारहाण, धमक्या किंवा पैशांची अडवणूक होत असेल, तर ती 'आमच्याकडची पद्धत' म्हणून समुपदेशकाने मान्य करावी अशी अपेक्षा ठेवू नका. तिथे मीही आधी तुमच्या सुरक्षिततेचंच बोलेन.

नवीन कुणाकडे जावं लागलंच, तर पहिल्या फोनवरच विचारा: "माझ्या निर्णयात घरचेही असतात, अशा माणसासोबत तुम्ही कसं काम करता?" उत्तर द्यायच्या आधी त्यांनी तुम्हालाच एखादा प्रश्न विचारला, तर वेळ घेऊन टाका.