परिपूर्णतेच्या हट्टावर उपचार सुरू करताना

तुम्ही समुपदेशन सुरू केलेत, हे फार चांगले केलेत. आधी एवढेच ध्यानात घ्या की उपचारांचा रोख चांगल्या कामाच्या आवडीवर नसून, काम उणे राहिले की आपणच उणे ठरतो या समजुतीवर असतो.

बोधात्मक वर्तनोपचारात, म्हणजे विचार आणि वागणे यांत बदल घडवणाऱ्या उपचारपद्धतीत (सीबीटी), छोटे प्रयोग करायला सांगतात, आणि खरा बदल मला तिथेच दिसतो. उदाहरणार्थ, चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) एकदाच बांधायची आणि सुपारीचा घोस किंचित कलला तरी ती सोडायची नाही. ‘पाहुणे नावे ठेवतील’ हे भाकीत आधी वहीत लिहायचे आणि प्रत्यक्षात कोण काय म्हणाले, ते नंतर त्याखाली नोंदवायचे.

नवख्यांच्या हातून हमखास होणाऱ्या चुका:

- ती वहीच निर्दोष करत बसणे.
- नोंदी अपुऱ्या राहिल्या म्हणून सत्र टाळणे. कोरी वही घेऊन अवश्य जा. त्या दिवशी बोलण्यासारखे सर्वाधिक असते.
- समुपदेशकासमोरही आदर्श विद्यार्थी होणे.

मन फारच खचले, तर पुढच्या सत्राची वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. गोव्यात बांबोळीला मानसोपचाराचे सरकारी इस्पितळही आहे.