आजोबांचं कोलंबोचं नाणं: विकू की ठेवू?

ताई, तुमचे आजोबा कोलंबोत नोकरीला होते. तिथून आणलेलं हत्तीछाप तांब्याचं नाणं आता तुमच्याकडे आहे. पुण्यातले एक विक्रेते ४५,००० रुपये देतात. मेलबर्नचा मावसभाऊ म्हणतो, ‘इकडे पाठव, दुप्पट मिळतील.’ आणि क्रेडिट कार्डाचे ७०,००० थकलेत, महिना साडेतीन टक्क्यांनी.

मेलबर्नचा विचार आजच सोडा. पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते (तुमचं तर त्याहून जुनं आहे) आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. कुरिअरनेही नाही, भावाच्या बॅगेतूनही नाही. तिथला भाव कितीही असो, तुमच्यासाठी तो भाव नाहीच.

आता नाण्याकडे वळू. ‘४८’ आकडा पाहून ते मोठं नाणं असेल असं तुम्हाला वाटलं, पण तो रिक्सडॉलर या तिथल्या डच चलनाचा अठ्ठेचाळिसावा भाग, म्हणजे एक स्टायव्हर, छोटं नाणं. ‘१२’ लिहिलेलं नाणं याच्या चौपट. १७९६ मध्ये इंग्रजांनी डचांकडून कोलंबो घेतलं, तरी बाजाराचा हिशेब डच चलनातच चालू राहिला. म्हणून नाण्यावर नाव ‘सिलोन गव्हर्नमेंट’ आणि माप डचांचं! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ही जाड नाणी तिथेच पाडली गेली, त्यामुळे वेडीवाकडी कड म्हणजे खोटेपणा नव्हे. भाव मात्र वर्ष आणि झीज यांवर ठरतो आणि तुमच्या फोटोत वर्ष वाचता येत नाही. परवानाधारक लिलावसंस्थेकडून लेखी अंदाज घ्या, त्यांचं कमिशनही विचारा. तोवर नाण्याला चिंच किंवा पितांबरी अजिबात लावू नका; चकाकी आली की किंमत गेली. जुनं नाणं विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी आधी शुल्क मागितलं तर फोन ठेवून द्या. बँकेने २०२१ मध्येच अशा फसवणुकीबद्दल सावध केलं आहे.

४५,००० कार्डात भरले तर महिन्याला १,५७५ रुपये व्याज वाचतं. नाणं ठेवून तेवढंच साधायचं तर त्याची किंमत वर्षाला ४२ टक्क्यांनी वाढायला हवी. तशी आशा धरून ठेवू नका. अंदाज ४५,००० च्या आसपास आला तर विका आणि सगळी रक्कम कार्डात भरा.

आजोबांची आठवण म्हणून जीव अडकत असेल तर जरूर ठेवा. मात्र मग थोडं सोनं तारण ठेवून बँकेकडून स्वस्त कर्ज घ्या आणि कार्ड याच महिन्यात बंद करा.