उपवासकाळ ते ईस्टर : उपासनांचे नियोजन कोठून सुरू करावे?

आपण विचारले आहे की, मंडळीच्या (चर्चच्या) उपासना समितीवर नव्यानेच निवड झाली असून उपवासकाळापासून (ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांपासून) ईस्टरपर्यंतच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणापर्यंतच्या, उपासनांची आखणी आपल्याकडे आली आहे, तर सुरुवात कोठून करावी. नगर भागातील एका मराठी मंडळीत मी काही वर्षे हे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

सुरुवात शेवटापासून करावी. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो. 2027 मध्ये तो 28 मार्चला, म्हणजे होळीच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी आहे. तेथून 46 दिवस मागे मोजले की उपवासकाळाचा पहिला दिवस, म्हणजे 10 फेब्रुवारीचा राखेचा बुधवार मिळतो. (मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून दिवस चाळीसच राहतात.) ईस्टर इतका लवकर आला की अवघा उपवासकाळ दहावी-बारावीच्या परीक्षांमध्ये सापडतो, तेव्हा गायकवृंदातील मुलांच्या भरवशावर नवी गीते बसवण्याचा बेत त्या वर्षी न केलेला बरा.

त्या दिवशी कपाळावर राख लावण्याबाबत मात्र जपून चालावे. उत्तर भारतीय ख्रिस्तमंडळी 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे अनेक परंपरांच्या एकत्रीकरणातून स्थापन झाली, त्यामुळे एकाच बाकावर बसलेल्या दोन वडीलधाऱ्यांपैकी एकाला राखेवाचून उपवासकाळ सुरू झाल्यासारखा वाटत नाही, तर दुसऱ्याच्या घरी ती कधी पाहिलेलीच नसते. आम्ही ती ऐच्छिक ठेवली. राख हवी असल्यास आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) वाटलेल्या झावळ्यांपैकी काही जाळण्यासाठी राखून ठेवाव्या लागतात, आणि हे नेमके जानेवारीत आठवते.

सर्वांत अधिक विचार उत्तम शुक्रवारच्या (येशूच्या वधस्तंभावरील मरणाच्या दिवसाच्या) दुपारी बारा ते तीनच्या उपासनेवर खर्च करावा, कारण आमची सर्वांत मोठी फजिती तेथेच झाली. येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांसाठी आम्ही सात वक्ते नेमले, वेळ मात्र कोणालाच सांगितली नाही. पहिल्याच वक्त्यांनी लूक 23:34 वर (‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ या पहिल्या उद्गारावर) बोलता बोलता गेथशेमाने बागेपासून रिकाम्या कबरेपर्यंत सगळी कथा सांगून टाकली, पुढील प्रत्येकाने तीच थोड्याफार फरकाने सांगितली, आणि सव्वाचार वाजले तेव्हा उपाशीपोटी बसलेली म्हातारी माणसे भिंतीचा आधार शोधत होती. गणित खरे तर सोपे आहे: 180 मिनिटांचे सात भाग केले तर प्रत्येकाला सुमारे 25 मिनिटे येतात, आणि त्यातच शास्त्रपाठ, गीत, प्रार्थना व स्तब्धता बसवायची असल्याने प्रवचनाला बारा मिनिटांहून अधिक देता येत नाहीत. पुढच्या वर्षापासून आम्ही प्रत्येक वक्त्याला त्याच्या उद्गाराचा संदर्भ, त्याची बारा मिनिटे आणि ‘पुनरुत्थानाविषयी आज बोलू नये’ ही विनंती महिनाभर आधी लेखी कळवू लागलो. स्तब्धतेची दोन मिनिटे कार्यक्रमपत्रिकेत छापावीत, नाहीतर पेटीवाला ती भरून काढतो.

गीतांनाही हाच संयम लागू आहे. उपवासकाळात ‘हालेलूया’ची गीते बाजूला ठेवली तरच ईस्टरच्या पहाटे त्यांना जोर येतो, तोवर नारायण वामन टिळकांची भजने टाळ-मृदंगावर संथ लयीत म्हणावीत, ती मंडळीला पाठ असतात आणि पुस्तकात डोके घालून गावे लागत नाही.

ईस्टरची पहाटेची उपासना दफनभूमीत घेणार असाल, तर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे हे ध्यानात ठेवून मोठ्या आवाजाचा वाचक निवडावा. मार्चअखेरीस आमच्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणून आम्ही पावणेसहाला कंदील घेऊन जमतो आणि योहानाच्या 20 व्या अध्यायाचे (रिकाम्या कबरेच्या कथेचे) वाचन उजाडताना येईल असा क्रम लावतो.