मुलगा रिमांड होममध्ये आहे, बोर्डाने जामीन नाकारला, आता पुढे काय?

ताई, सगळ्यात आधी ते 14 वर्षांच्या शिक्षेचं भूत डोक्यातून काढा. तुम्ही लिहिलंय की मुलगा 16 वर्षांचा, 19 आणि 22 वर्षांच्या दोन ओळखीच्या पोरांबरोबर रात्री मोबाईलच्या दुकानाचं शटर उचकटलं, फोन उचलले, तिघंही सापडले, आता मुलगा निरीक्षणगृहात (म्हणजे रिमांड होममध्ये) आहे आणि बोर्डाने, म्हणजे मुलांच्या केसेस चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाने, जामीन नाकारला कारण वडील नाहीत, तुमची नाइट ड्युटी, घरी लक्ष ठेवायला कोणी नाही. वर चौकीत कोणीतरी सांगितलं की 14 वर्षं आत जाईल, आणि वकील म्हणाले राहू दे थोडे दिवस, अक्कल येईल.

14 वर्षं हा आकडा खोटा नाहीये, भारतीय न्याय संहितेत रात्री घरफोडी करून चोरीला कलम 331(4) मध्ये कमाल शिक्षा तेवढीच आहे, पण ती मोठ्या माणसांना. तुमच्या मुलाला बाल न्याय कायदा 2015 लागतो आणि त्यात 16 ते 18 च्या मुलाला मोठ्यांसारखं कोर्टात पाठवायचा विचार फक्त अतिगंभीर गुन्ह्यात होतो, म्हणजे ज्याला किमान शिक्षाच 7 वर्षं किंवा जास्त आहे. किमान, कमाल नव्हे. इथे कमाल 14 आहे पण किमान काहीच नाही, आणि अशा गुन्ह्याला फक्त 'गंभीर' धरायचं हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात सांगितलं, 2021 च्या दुरुस्तीने ते कायद्यातही आलं. एफआयआरमध्ये तुम्ही सांगितलेलीच कलमं असतील तर मुलाची केस बोर्डासमोरच चालेल, त्या दोघांच्या केसबरोबर एकत्र चालवता येणार नाही (बाल न्याय कायदा, कलम 23; पुढची कलमंही याच कायद्याची), आणि अगदी वाईटात वाईट निकाल लागला तरी विशेष गृहात (दोषी ठरलेल्या मुलांना सुधारण्यासाठी ठेवतात ती संस्था) जास्तीत जास्त 3 वर्षं. जेल नाही.

आता जामीन. इथे माझं तुमच्या वकिलांशी अजिबात जमत नाही. अक्कल यावी म्हणून मूल आत ठेवणं असं कायद्यात कुठेही नाहीये, उलट कलम 3 मध्ये स्पष्ट लिहिलंय की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. कलम 12 प्रमाणे मुलाला जामीन देणं हा नियम आहे, गुन्हा जामीनपात्र असो नसो. नाकारायची कारणं तीनच: सुटला तर माहीत असलेल्या गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. आणि कारण लेखी नोंदवावं लागतं. गुन्हा किती मोठा हे त्या यादीत नाहीच. आई कामाला जाते हेसुद्धा नाही, पण खरं सांगते, बोर्ड ते पहिल्या दोन कारणांत बसवतं, की संध्याकाळनंतर मुलगा मोकाट आणि ती दोन पोरं जामिनावर बाहेर आली की परत तेच. ही काळजी खोटी नाहीये ना? मग तिच्यावर चिडून उपयोग नाही, तिला उत्तर द्यायचंय.

सगळ्या सल्ल्याचा गाभा इथेच आहे. मुलाला बाहेर ठेवून सुधारायचे रस्ते कायद्यात भरपूर आहेत, प्रोबेशन ऑफिसरची (मुलाची माहिती काढून बोर्डाला अहवाल देणारा अधिकारी) देखरेख, योग्य व्यक्तीकडे ताबा, समुपदेशन, समाजसेवा, शाळा, ट्रेनिंग, पण ते कोणी तुमच्या हातात आणून देत नाही. प्रोबेशन ऑफिसरकडे फायलींचा ढीग असतो, बोर्डासमोर त्या दिवशीच्या केसेस असतात, आणि समोर 'आई एकटी, नाइट ड्युटी' एवढंच दिसलं तर रिमांड होम हाच सोपा पर्याय वाटतो. म्हणून नुसता 'जामीन द्या' असा अर्ज करू नका, दुसऱ्या अर्जाला प्लॅन जोडा.

प्लॅन म्हणजे काय, तर तुम्ही मुलाच्या मामाबद्दल लिहिलंय ना, दुसऱ्या भागात राहतो, दिवसा दुकान आणि रात्री घरी. त्याच्याकडे काही महिने राहू शकेल का हे आधी स्पष्ट बोलून घ्या, 'बघू' वर थांबू नका, आणि हो म्हणाला तर त्याचं शपथपत्र करा. त्यात गोलगोल काही नको. मुलगा माझ्या घरी राहील, सकाळी शाळेत मी सोडीन, संध्याकाळी 6 नंतर माझ्याशिवाय बाहेर जाणार नाही, सहआरोपींना भेटणार नाही, बोर्डाच्या प्रत्येक तारखेला मी हजर करीन. सोबत आधार, पत्त्याचा पुरावा, शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र की मुलगा आमच्या पटावर आहे आणि परत घेऊ, समुपदेशकाची अपॉइंटमेंट घेतली असेल तर त्याची चिठ्ठी. तुमची ड्युटी बदलून मिळत असेल तर कामाच्या ठिकाणचं पत्र, नसेल मिळत तर उगीच खोटं लिहू नका, मामाचं घर त्यासाठीच आहे.

प्रोबेशन ऑफिसर सामाजिक तपासणी अहवाल करतात, तो दोन आठवड्यांत द्यायचा असतो, म्हणजे तुमच्या केसमध्ये आत्ताच चालू असेल. ते घरी येतील किंवा तुम्हाला बोलावतील आणि विचारतील मित्र कोण, व्यसन आहे का, शाळा कधीपासून बुडतेय. आई म्हणून झाकावंसं वाटेल पण झाकू नका, शाळा चार महिने बुडतेय तर सांगा आणि लगेच पुढचं वाक्य सांगा की त्यावर आम्ही काय करतोय. मामालाही भेटवा. बोर्ड या अहवालावर खूप भिस्त ठेवतं.

शेजारी म्हणतात निबंध लिहून सुटतील, तो टोमणा 2024 च्या पुण्याच्या पोर्श अपघातापासून (तिथे अल्पवयीन मुलाला निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला होता) प्रत्येक अल्पवयीन मुलाच्या आईला ऐकावा लागतोय. त्या प्रकरणातलं पुढचं मात्र लोक विसरतात: एकदा जामीन दिल्यावर मुलाला परत निरीक्षणगृहात टाकणं बेकायदा, असं म्हणून मुंबई हायकोर्टाने जून 2024 मध्ये त्याला आत्याच्या ताब्यात द्यायला सांगितलं. एवढ्या गाजलेल्या गुन्ह्यात नातेवाईकाकडे ताबा चालतो तर तुमच्याकडे मामा का नाही, हा मुद्दा वकिलांना मांडायला सांगा. पैसेवाल्याला मिळालं आणि आपल्याला नाही अशी स्थिती येऊ द्यायची नसेल तर मागावंच लागतं.

दुसरा अर्जही फेटाळला तर 30 दिवसांत बाल न्यायालयात (हे बोर्ड नव्हे, त्याच्या वरचं कोर्ट) अपील (कलम 101), नंतर हायकोर्ट आहेच. आणि जामीन मिळाला पण अट झेपत नाही, समजा जामीनदार मिळत नाही, तर 7 दिवसांत सुटका झाली नाही की मुलाला बोर्डापुढे आणून अट बदलून घेता येते, हे खूप लोकांना माहीतच नसतं. आत्ताचे वकील ऐकत नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, मुलासाठी वकील मोफत मिळतो.

शेवटचा आदेश अजून लांब आहे, चौकशीला पहिल्या हजेरीपासून 4 महिने, वाढवले तर अजून 2, आणि गंभीर गुन्ह्यात त्यापुढेही मुदतवाढ मागता येते. पण तयारी आत्तापासून, कारण कलम 18 मध्ये समज देऊन घरी पाठवणं, समाजसेवा, पालकांकडे 3 वर्षांपर्यंत प्रोबेशन (म्हणजे चांगल्या वागणुकीच्या अटीवर घरीच), हे सगळं विशेष गृहाच्या आधी लिहिलेलं आहे. समाजसेवा कुठे करणार, हे ठरलेलं नसतं म्हणून आदेश कागदावर राहतात, तेव्हा एखाद्या संस्थेशी आधीच बोलून ठेवा. न्यूझीलंडमध्ये 1989 पासून कायद्यानेच कुटुंब, पोलीस आणि ज्याचं नुकसान झालं तो, असे सगळे एकत्र बसून मुलाचा प्लॅन ठरवतात, आपल्याकडे ती बैठक तुम्हालाच जुळवावी लागणार. खरी सुधारणा मला विचाराल तर नवं कलम नकोच, प्रत्येक बोर्डाकडे अशा संस्थांची तयार यादी आणि पुरेसे प्रोबेशन ऑफिसर द्या, अर्धं काम होईल.

दुकानदाराला भरपाई द्यायची म्हणताय, चांगलं आहे, बोर्डावर चांगला परिणाम होतो, पण परस्पर जाऊन काही लिहून देऊ नका, कारण त्या कागदाने केस बंद होत नाही आणि 'आमच्या मुलाने चोरी केली' असं लिहिलेला कागद उलट अंगावर येतो. वकिलामार्फत द्या. आणि त्या 22 च्या पोराने याला पुढे केलं, शटरखालून घुसवलं असं मुलगा सांगतोय ते महत्त्वाचं आहे, मुलांना असं वापरणाऱ्या मोठ्यांना कलम 83 मध्ये वेगळी शिक्षा आहे, वकिलांना हे नक्की सांगा.

पुढे नोकरी, पासपोर्टचं काय, तर कलम 24 प्रमाणे या निकालामुळे मुलगा कशालाही अपात्र ठरत नाही, ठराविक काळानंतर रेकॉर्ड नष्ट करायचं असतं, आणि केस निकाली निघाल्यावर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी ते उघड करायचं नाही. बिल्डिंगच्या व्हॉट्सअप ग्रुपवर कोणीतरी त्याचा फोटो नावासकट टाकलाय म्हणालात, तो कलम 74 खाली गुन्हा आहे, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ग्रुपवर भांडत बसू नका, तारीख आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा, प्रिंट अर्जासोबत लावता येईल.