तपासणी, पडताळणी आणि ताळा

प्रश्न असा आहे: हवामान प्रारूपाच्या (संगणकीय मॉडेलच्या) फायली ‘ग्रिब’मधून ‘नेटसीडीएफ’ स्वरूपात (दोन्ही हवामानाची आकडेवारी साठवण्याची फाईल-स्वरूपे) आणल्यावर त्या मूळ फायलींशी जुळतात का, हे पाहण्याच्या कामाला अहवालात ‘तपासणी’ म्हणावे, ‘पडताळणी’ म्हणावे की ‘प्रमाणीकरण’?

माझ्या मते येथे ‘पडताळणी’ हाच शब्द नेमका आहे. तपासणी एकट्या वस्तूचीही होते. फाईल उघडते का, कालक्रमात खंड आहे का, एककाची नोंद आहे का, हे पाहायला मूळ फाईल हाताशी असावी लागत नाही. पडताळायचे म्हटले की मात्र ‘कशाशी?’ हे सांगावेच लागते, म्हणून ‘रूपांतरित फाईल मूळ फाईलशी पडताळून पाहिली’ असे पूर्ण वाक्य लिहावे. ‘प्रमाणीकरण’ टाळावे, कारण त्यावरून प्रारूपाचे निष्कर्ष प्रत्यक्ष निरीक्षणांशी ताडून पाहिले, असा वाचकाचा समज होऊ शकतो, आणि ते काम अगदीच निराळे आहे.

याच ओघात ‘ताळा’ या शब्दाची आठवण करून द्यावीशी वाटते. गणितात ताळा पाहतात तसा येथे दोन्ही फायलींतील तापमानाची जागतिक सरासरी काढून पाहता येतो, पण ताळा जमला म्हणजे पडताळणी झाली असे लिहू नये. रूपांतरात आकड्यांचा क्रम उत्तर-दक्षिण असा उलटला आणि अक्षांशांची यादी तशीच राहिली, तर नकाशा उलटा होतो. तरीही सरासरी काढताना प्रत्येक अक्षांशाला दिलेला क्षेत्रफळाचा भार विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सारखाच असल्यामुळे सरासरी जराही बदलत नाही. ही चूक दोन्ही फायलींच्या जाळीतील (अक्षांश-रेखांशांच्या ग्रिडमधील) बिंदू बिंदूशी पडताळल्यावर सापडते.

‘तंतोतंत’ हे क्रियाविशेषणही जपून वापरावे. 220 ते 320 केल्विनमधील तापमान 16 बिटांच्या पूर्णांकांत साठवले, तर दोन लगतच्या मूल्यांत सुमारे 0.0015 केल्विनचे अंतर राहते आणि प्रत्येक आकडा त्याच्या निम्म्यापर्यंत सरकू शकतो. अशा वेळी ‘मूळ फाईलशी प्रत्येक बिंदूवर पडताळले असता कमाल फरक 0.0008 केल्विनच्या आत आढळला’ असे लिहावे, आणि मूळ फाईलमधील रिकाम्या जागा (मूल्य नसलेले बिंदू) रूपांतरित फाईलमध्येही रिकाम्याच आहेत का, हे स्वतंत्र वाक्यात नोंदवावे.